कसं लागतं ते सांगा

‘हॉटेल निवांत’ हे नाव वाचून कोणी आत शिरलं, तर त्याची फसगत ठरलेली. तिथे निवांतपणे जेवलेला माणूस मी तरी पाहिला नाही. पहिला घास तोंडात गेला की गल्ल्यामागून आप्पा उठायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि टेबलापाशी येऊन उभे राहायचे.

“कसं हे?”

“छान.”

“छान राहू द्या. लागतं कसं ते सांगा.”

नवा माणूस गोंधळायचा. जेवण कसं लागतं हे आपल्याला कोणी खोलात जाऊन विचारलेलं नसतं. घरात फार तर ‘मीठ बरोबर आहे ना’ एवढी चौकशी होते आणि मान हलवून भागतं. आप्पांचं तेवढ्यावर भागायचं नाही. तिखट आहे म्हटलं, तर जिभेवर तिखट की घशात? आंबट म्हटलं, तर टोमॅटोचं आंबट की चिंचेचं? उत्तर मिळेपर्यंत ते हलत नसत. भाकरी गार होत असे.

मी बदली होऊन नाशिकला आले तेव्हा पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. विमा कंपनीतली नोकरी, संध्याकाळी सातपर्यंत ऑफिस. खोलीत गॅस नव्हता आणि असता तरी दिवसभर लोकांचे दावे तपासल्यावर स्वयंपाक करायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ‘निवांत’मध्ये शिरले. बाहेरच्या पाटीवर ‘पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन’ असं लिहिलेलं होतं. आतमध्ये यातलं जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. पाटी आधीच्या मालकाची होती. आप्पांनी त्यावरचं नाव तेवढं बदलून घेतलं होतं, बाकीच्या पाटीला रंग द्यायचा पेंटरने जास्त भाव सांगितला म्हणून ती तशीच राहिली.

बाई माणूस एकटं आलं की अशा हॉटेलांत तिला मागच्या ‘फॅमिली रूम’मध्ये पाठवतात. एक प्लायवूडची भिंत, एक मळका पडदा आणि बंद पडलेला पंखा, एवढ्याला फॅमिली रूम म्हणतात. मी सवयीने तिकडे वळले.

“तिकडं नको, मॅडम,” गल्ल्यावरचा उंच, किडकिडीत, मोठ्या कानांचा माणूस म्हणाला. “तिकडं कांदे ठेवलेत. तुम्ही इथं बसा, पंख्याखाली.”

मी बसले. मेनूकार्ड मागितलं. त्यांनी दिलं, पण देतानाच चेहरा असा केला, जणू कार्डाला फारसं महत्त्व देऊ नये.

“पनीर मसाला मिळेल?”

“मिळेल. पण आज घेऊ नका. डेअरीवाला बदलला, पनीर रबरासारखं लागतं.”

“मग व्हेज कोल्हापुरी?”

“तुम्ही कुठल्या?”

“सांगलीची.”

“मग तर अजिबात नको. खाऊन मला शिव्या द्याल.”

“वांग्याचं भरीत?”

त्यांनी एकदा आत बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “वांगी बियाळ निघाली. मीच सकाळपासून पस्तावतोय.”

मला भूकही लागली होती आणि हसूही येत होतं. “मग मी खायचं तरी काय?”

“भूक किती हे? खरं सांगा.” ‘आहे’चं ते ‘हे’ करत.

“भरपूर आहे.”

“बाजरीची भाकरी आणि शेवभाजी देतो. आधी अर्धीच भाकरी घ्या. आवडली तर पुढची अर्धी.”

ती शेवभाजी मला आजही आठवते. काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा, त्यात जाड, तिखट शेव, वर तेलाची लाल साय. मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. आप्पा विचारायला आले तेव्हा मी ‘छान’ म्हणाले आणि पकडले गेले. शेवटी, “आधी खोबरं लागतं आणि तिखट नंतर मागून येतं,” असं काहीतरी बोलले. आप्पांचा चेहरा उजळला. ते आत बघून ओरडले, “हिराबाई, ताईंना अजून रस्सा द्या!” त्या क्षणापासून मी मॅडमची ताई झाले.

त्यांचं पूर्ण नाव यशवंत भामरे. सटाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. तरुणपणी सुरतेला एका मोठ्या हॉटेलात कामाला होते. तिथला मालक रोज संध्याकाळी वेटरांना गोळा करून सांगायचा, जे उरलंय ते आधी खपवा. “आठ वर्षं खपवलं,” आप्पा सांगायचे. “लोकं विचारायची, आज चांगलं काय हे? मी शिळ्या भाजीचं नाव घ्यायचो. लोकं विश्वासानं खायची. मला रात्री जेवण जायचं नाय.” स्वतःचं हॉटेल काढल्यावर त्यांनी याच्या बरोबर उलटं टोक गाठलं. धंदा म्हणून ते फार शहाणपणाचं नव्हतं. पण सहाच टेबलं, बिल इतकं कमी की दुसरीकडे तेवढ्यात नुसती भाजी आली असती, आणि खोटं बोलायला माणूस तयार नाही, या तीन गोष्टींमुळे ‘निवांत’ला त्याची त्याची गर्दी असायची.

दुसरी लोकं शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आप्पांच्या खिशात एक छोटा स्टीलचा चमचा असायचा. आतून कुठलंही पातेलं बाहेर यायच्या आत ते चमचा काढून चव घ्यायचे, धुऊन, पुसून पुन्हा खिशात ठेवायचे. भाजी ते स्वतः करत. भाकऱ्या हिराबाई थापायच्या. त्या हरसूलकडच्या, बोलणं कमी, हात भलते चपळ.

आणखी एक त्यांचं खूळ होतं. हॉटेल रिकामं असलं तरी ते एकट्या माणसाला एकट्याचं टेबल देत नसत. “टेबल चार जणांचं हे, एकेकानं अडवलं तर बाकीच्यांनी उभ्यानं खायचं का?” असं म्हणायचे. बाकीची पाच टेबलं रिकामी दिसत असायची, पण हे त्यांना सांगून उपयोग नसे. अशाने माझ्यासमोर रोज कुलथेकाका येऊन बसू लागले. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. रक्तदाबामुळे त्यांना बेताच्या मिठाचं वरण आणि दोन फुलके लागायचे. आणि बोलणं? पहिल्या महिन्यात मी त्यांच्या तोंडून तीन शब्द ऐकले. नमस्कार, छान आणि येतो.

‘छान’वरून आप्पांचं आणि त्यांचं रोज वाजायचं. म्हणजे आप्पाच वाजायचे, काका फुलका चावत बसायचे.

“काका, विमानं पण अशीच तपासली का हो? ‘छान’ म्हणून सोडली?”

काका मिशीत हसायचे. “छान,” ते पुन्हा म्हणायचे.

एकदा दोन मुलं मोबाइल, छोटा दिवा आणि कॉलरला लावायचा माइक घेऊन आली. त्यांना व्हिडिओ करायचा होता. आप्पांना गल्ल्यामागे उभं केलं, माइक लावला. एक मुलगा कॅमेऱ्याकडे बघून एका दमात खूप बोलला आणि मग वळून म्हणाला, “तर काका, ही नाशिकमधली सगळ्यात तिखट शेवभाजी आहे ना?”

“नाय,” आप्पा म्हणाले.

मुलगा हसला. पुन्हा विचारलं.

“नाय रे बाबा. त्या पेट्रोल पंपामागं एक बाई करते, ती लय तिखट असते. तिकडं जा. आमची बेताची हे.”

“पण काका, सगळ्यात चविष्ट तर आहे?”

आप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. “मंगळवारी चांगली होते,” ते म्हणाले. “सोमवारी बाजारातून खोबरं ताजं येतं म्हणून. आज शनिवार हे.”

मुलांनी हे सगळं जसंच्या तसं टाकलं. तीन दिवसांनी मंगळवार आला आणि संध्याकाळी रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागली. आप्पा दारात उभे राहून हतबुद्ध होऊन बघत होते. आनंद नव्हताच, उलट संताप. “तुम्ही गंगापूर रोडवरून इतक्या लांब भाजी खायला आलात?” ते एका जोडप्याला विचारत होते. “तुमच्याकडं काय झालं? हॉटेलं बंद हेत का?” ते जोडपं खूश होऊन त्यांच्याबरोबर फोटो काढत होतं. ती गर्दी तीन-चार मंगळवार टिकली आणि ओसरली. आप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पेट्रोल पंपामागच्या बाईंनी मात्र त्यांना एक डबा भरून लोणचं पाठवलं, कारण अर्धी गर्दी तिकडे गेली होती.

मग एका हिवाळ्यात आप्पांना ताप आला. नाशिकची थंडी त्या वर्षी कडक होती आणि त्यांनी पहिले काही दिवस तो अंगावर काढला. ‘निवांत’चं शटर पंधराएक दिवस खाली राहिलं. उघडलं तेव्हा आप्पा आणखी बारीक दिसत होते, शर्ट खांद्यावरून घसरत होता. आम्ही नेहमीचे सगळे पहिल्याच संध्याकाळी हजर झालो.

शेवभाजीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. आजारातून उठलेला माणूस, चुकला असेल, म्हणून कोणी काही बोललं नाही. मीही लिंबू पिळून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तीच भाजी खारट. तिसऱ्या दिवशी वरणाला फोडणी जळकी लागत होती. आप्पा टेबलापाशी यायचे, पण त्यांचा प्रश्न आता मऊ झाला होता. “बरं हे ना?” एवढंच विचारायचे. आम्ही माना हलवायचो. सगळ्यांना वाटत होतं, दुसरं कोणीतरी सांगेल.

काकांच्या वरणावर ते उघडं पडलं. त्या संध्याकाळी काकांनी पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले. दुसरा घास, पुन्हा पाणी. मी हात लांबवून त्यांचं वरण बोटाने चाखलं तर ते मिठाचंच होतं. ज्या माणसाला डॉक्टरने मीठ तोडलंय त्याला हे वरण! मी काही बोलणार एवढ्यात आप्पा आले.

“काका, कसं हे?”

काकांनी मान वर केली. आप्पांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “छान,” ते म्हणाले आणि पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला.

आप्पांची नजर पाण्याच्या जगावर गेली. भरून ठेवलेला जग रिकामा झाला होता. ते हळूच खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले, खिशातला चमचा काढला, काकांच्या वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ तोंडात घोळवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. पाणी चाखल्यासारखा चेहरा.

ते उठले आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “खरं सांगा. हे खारट हे का?”

 कोणी ताटात बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये.

“लय खारट हाय, आप्पा,” स्वयंपाकघराच्या दारातून हिराबाई म्हणाल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. “रोजच काही ना काही बिघडतंय. तुमाला वाईट वाटंल म्हून नाय बोलले.”

आप्पा आत गेले. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी हात जोडले. “ताप गेला पण चव घेऊन गेला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा हात हे, अंदाजानं जमेल. नाय जमलं. कोपऱ्यावर डोसा बरा मिळतो. तिकडं जेवा.” कोणाकडूनही पैसे न घेता त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि शटर ओढलं.

ते उघडेचना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शटरवर कोणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली. मी कोपऱ्यावरचा डोसा खात होते. आप्पा खरंच बोलले होते, बरा होता. एका रविवारी सकाळी कुलथेकाका माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात द्राक्षांची पिशवी. “जाऊ या का?” ते म्हणाले. कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

आप्पांचं घर मागच्याच गल्लीत होतं. दोन खोल्या. दाराशी शिलाई मशीन आणि मशीनवर त्यांच्या पत्नी, शांताकाकू. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना सुई दातात धरणाऱ्या. येवल्याहून आलेल्या कोणाच्यातरी पैठणीला फॉल लावत होत्या. आप्पा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. आम्हाला बघून उठले, पण बोलायला तयार नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चव परत येईल, नाहीतर येणार नाही, वाट बघा.

“हॉटेल कधी उघडताय?” मी विचारलं.

“बंद म्हणजे बंद, ताई. ज्याला स्वतःला कळत नाय, त्यानं लोकांना खाऊ घालायचं? आंधळ्यानं बस चालवायची का?”

“हिराबाई आहेत की.”

“हिराबाईंची भाकरी सोन्यासारखी. भाजीतलं त्यांना नाय जमत, त्याच सांगतात.”

 मशीन तेवढी खडखडत होती. आणि काका, ज्यांच्या तोंडून मी एका वर्षात एक सलग वाक्य ऐकलं नव्हतं, ते द्राक्षांच्या पिशवीकडे बघत म्हणाले, “आप्पा, मग मी जेवायचं कुठे?”

“कोपऱ्यावर जा ना. चांगलं असतं.”

“जातो. रोज जातो.” काका थांबले. “तिथे कोणी काही विचारत नाही.”

आप्पांनी मान वळवली. मशीन थांबली. शांताकाकूंनी दातातली सुई काढून फॉलला टोचली आणि आत बघून, आमच्यासाठी नव्हे तर नवऱ्यासाठी, त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, “चव तुमनी गई. मनी नही.”

मला अहिराणी येत नाही, पण एवढं कळायला ती यावी लागत नाही.

“तू?” आप्पा भडकलेच. “तुले तर मनी शेवभाजी कधी आवडनी नही!”

“म्हनीसनच तं,” काकू म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून मराठीत समजावलं, “इतकं तेल टाकतात, जशी काही घरची विहीर आहे. मसाला काळा पाहिजे म्हणून करपवतात. तीस वर्षं सांगतेय. हॉटेलात माझं कोण ऐकणार? आता ऐकावंच लागेल.”

आप्पांनी खिशाला हात लावला, चमचा काढून त्यांच्यापुढे धरला. ते जरा भारावले होते असं मला वाटलं. काकूंनी चमच्याकडे बघून नाक मुरडलं. “तुमचा उष्टा चमचा कोण घेतंय? माझी वाटी आहे.”

सोमवारी शटर उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात एक स्टूल आलं, स्टुलावर काकू, हातात वाटी. आतलं कुठलंही पातेलं त्यांच्यावरून गेल्याशिवाय बाहेर येईना. आणि मग जे सुरू झालं त्यासाठी लोक पैसे देऊन तिकीट काढून आले असते.

“मीठ नाही.”

“टाकलं ना आत्ता!”

“कुठे टाकलं? गॅसवर?”

“शांते, मी डोळ्यांनी पाहिलं!”

“डोळ्यांनी मीठ कळतं का?”

मग आतून मिठाच्या डब्याचं झाकण आपटल्याचा आवाज. बाहेर सहाही टेबलांवर जेवणं थांबायची. काकू पुन्हा वाटी तोंडाला लावायच्या, आणि त्या ‘हं’ म्हणाल्या की आमच्यातला कोणीतरी टाळी वाजवायचा.

शेवभाजी बदलली. तेल निम्म्यावर आलं, मसाला तपकिरी झाला. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांनी कुरकुर केली. आप्पांनी त्यांना हाताला धरून स्टुलापाशी नेलं. “तक्रार इथं करा. मी आता फक्त पेटवतो आणि विझवतो.” तक्रार करायची हिंमत कोणाची झाली नाही. खरं तर भाजी पहिल्याहून चांगली झाली होती. हे आप्पांना सांगायचं कोणी, हाच प्रश्न होता. ते काकांनी सांगितलं.

कारण आप्पांचा टेबलापाशी येऊन विचारायचा परिपाठ पुन्हा सुरू झाला होता, आणि आता तो पहिल्यासारखा गमतीचा नव्हता. पूर्वी त्यांना उत्तर माहीत असायचं आणि ते आमची परीक्षा घ्यायचे. आता त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते खुर्ची ओढून बसायचे, चष्मा कपाळावर, कान पुढे. “सांगा. कसं लागतं?” आणि आम्ही सांगायचो. ‘छान’ म्हणायची सोयच राहिली नव्हती. समोरचा माणूस आपल्या तोंडून जेवत होता. इंजिनिअरिंगची मुलं हातवारे करून ठेच्याचं वर्णन करायची. एक रिक्षावाला फार नेमकं बोलायचा, “पहिल्या घासाला वाटतं काहीच नाही, आणि मग डोकं फुटतं.” मी घरी आईला फोनवर विचारायला लागले, आमटीत नक्की काय लागतं गं? ती घाबरली, मला ताप आहे का विचारू लागली.

आणि कुलथेकाका. त्या संध्याकाळी मेथीची भाजी होती. आप्पा शेजारी बसले. काकांनी घास चावला, गिळला, फुलक्याचा तुकडा खाली ठेवला.

“मेथी आधी कडू लागते,” ते म्हणाले. “मग लसूण येतो. डाळ मधेच सापडते, अर्धी शिजलेली, ती दातांना बरी वाटते. पाणी प्यायलो की ते पाणी गोड लागतं.” मग जरा थांबून, “पहिल्यापेक्षा चांगली आहे, आप्पा. तुम्ही फार तेल घालायचात.”

 स्टुलावर काकू ताठ बसल्या होत्या.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. “लसूण लाल झालाय का?” त्यांनी विचारलं.

“कडेने.”

“मग बरोबर हे,” ते म्हणाले आणि उठले. स्टुलापाशी जाऊन काही पुटपुटले. काकूंनी पदराने तोंड पुसल्यासारखं करून हसू लपवलं.

उन्हाळ्यात एक दिवस मी आत शिरते तर प्रत्येक ताटात कारल्याची भाजी. न मागता, फुकट. आप्पा टेबलाटेबलाशी नाचत होते. दुपारी जेवताना काकूंनी त्यांच्या पानात कारलं वाढलं होतं, आणि त्यांना ते कडू लागलं होतं. “कडू, ताई! असं कडू, असं कडू!” त्यांनी मुलगा झाल्यासारखं सांगितलं. पुढचा आठवडाभर ‘निवांत’मध्ये कारल्यातून कोणाची सुटका नव्हती. भरलं कारलं, तळलेलं कारलं, कारल्याची चटणी. इंजिनिअरिंगची मुलं डोशाकडे पळाली. काका मात्र रोज कारलं खात होते आणि रोज त्याचं सविस्तर वर्णन देत होते. शेवटी काकूंनीच भाजीवाल्याला दम दिला, पुन्हा कारलं आणलंस तर बघ.

कडूनंतर थोडं खारट परत आलं, थोडं आंबट. वास मात्र आला नाही. खोबरं भाजल्याचा वास, भाकरी तव्यावर फुगतानाचा वास, हे गेलं ते गेलंच. आप्पा ते कधीकधी बोलून दाखवायचे, पण पुढच्याच मिनिटाला कोणाच्या तरी टेबलावर जाऊन बसलेले असायचे.

दोन वर्षांनी माझी बदली कोल्हापूरला झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी भावुक वगैरे व्हायला नकार दिला. “तिथला तांबडा-पांढरा रस्सा प्या आणि फोन करा,” म्हणाले. “छान म्हणालात तर फोन ठेवून देईन.” मी खरंच फोन केला. पहिल्यांदा चार मिनिटं बोलले. आप्पांचं समाधान झालं नाही. मला पुन्हा जाऊन पांढरा रस्सा प्यावा लागला, त्यात काजू लागतो की खसखस, हे त्यांना हवं होतं.

गेल्या वर्षी मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नाला नाशिकला गेले होते. परतीच्या गाडीला नाशिकरोडला जायचं होतं, वेळ थोडा होता, तरी रिक्षावाल्याला मुद्दाम त्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील, कुठल्याही हॉटेलात माणूस नसतो अशी वेळ. ‘निवांत’समोर येताच मी त्याला थांबायला सांगितलं.

शटर अर्धं वर होतं. वाकून पाहिलं तर आतली टेबलं रिकामी, खुर्च्या उलट्या घातलेल्या, आणि पंख्याखालच्या एका टेबलावर आप्पा आणि काकू समोरासमोर जेवत बसले होते. एकच ताट मधे. काकूंनी घास घेतला, चावला, आणि मग डाव्या हाताने हवेत काहीतरी काढून दाखवत बोलायला लागल्या. मधेच थांबायच्या, आठवल्यासारखं करायच्या, पुन्हा बोलायच्या. आप्पांनी त्याच भाजीचा घास तोंडात घेतला होता आणि डोळे मिटून, हळूहळू, ऐकत ऐकत चावत होते.

“उतरायचं का, ताई?” रिक्षावाल्याने विचारलं.

मला बघून दोघंही जेवण अर्धं टाकून उठले असते. मी नको म्हटलं. रिक्षा निघाली तेव्हा काकूंचं सांगून व्हायचं होतं, आणि आप्पांनी, डोळे न उघडता, पुढचा घास उचलला होता.